केलची साधी परतून भाजी (आणि देठांचं काय करायचं ते)

ओवा (धागाकर्ती)

थंडी पडायला लागली की इथे न्यू जर्सीत शेतकरी बाजारात केलचे ढीग लागतात. मेथी, चुका, अंबाडी हवी तर गाडी काढून इंडियन स्टोअर गाठा, त्यातही जुडी निम्मी पिवळी. केल मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात बारा महिने मिळतो, आणि ताजा मिळतो. तरी आपली मंडळी त्याची एकतर स्मूदी करतात, नाहीतर सॅलडच्या नावाखाली कच्चा रवंथ करत बसतात. पोळीबरोबर खायची साधी पालेभाजी म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि बघितलंच तर पालक समजून शिजवतात. मग 'चामड्यासारखा लागतो' म्हणून तक्रार.

केल पालकाच्या घरातला नाहीच. तो कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोलाचा सख्खा भाऊ. सगळे ब्रासिका ओलेरेशिया याच एका प्रजातीचे. कोबीचा गड्डा वळतो, केलची पानं मोकळी राहतात, एवढाच फरक. म्हणून शिजवतानाही कोबीचाच हिशोब लावायचा: बारीक चिरा, थोडी वाफ द्या, मग झाकण काढून कोरडी करा. पालक स्वतःच्या पाण्यात शिजतो, केलला पाणी बाहेरून द्यावं लागतं. बाकी सगळं आपलंच.

लागतं काय: केलची १ मोठी जुडी (साधारण २५० ग्रॅम), लसणाच्या ६-७ पाकळ्या, २ सुक्या मिरच्या, २ चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, मीठ, पाव वाटी पाणी. वरून २ चमचे ओलं खोबरं आणि लिंबू. खोबरं नसेल तर अडत नाही.

पान उलटं धरायचं, देठ डाव्या हातात, आणि उजव्या हाताची बोटं देठावरून खालून वर ओढत न्यायची. सर्रकन पान सुटून हातात येतं, मधली जाड शीर मागे राहते. ही शीर टाकायची नाही, बाजूला ठेवायची. पानांची गुंडाळी करून जमेल तितकं बारीक चिरायचं. आळशीपणा करायचा असेल तर दुसरीकडे करा, इथे नको. अर्धी भाजी इथेच होते.

देठ अगदी बारीक चिरायचे, गवारीच्या अर्ध्या तुकड्याएवढे. तेलात मोहरी तडतडली की हिंग, मग ठेचलेला लसूण. लसणाच्या कडा गुलाबी झाल्या की मिरच्या, हळद आणि लगेच देठ. देठ २ मिनिटं परतले की पानं. सुरुवातीला कढई भरून वाहते, घाबरू नका, मिनिटभरात बसते. पण पालकासारखी मूठभर होत नाही, त्यामुळे मीठ त्या अंदाजाने घालता येतं. मीठ, पाण्याचा हबका, झाकण, ४ मिनिटं मध्यम आच. मग झाकण काढून आच वाढवायची आणि पाणी आटेपर्यंत परतायचं. पान चावून बघा. दाताखाली तुटलं पाहिजे पण मेण झालेलं नको. गॅस बंद केल्यावरच लिंबू, आधी नाही. आंबट लवकर पडलं की हिरवा रंग शेवाळी होतो.

गरम पोळी, वरणभात, बाजूला ही. अजून काही लागत नाही.

---

तिखटजाळ

छान. पण लसूण ६-७ पाकळ्या म्हणजे चेष्टा झाली. कोल्हापूरकर म्हणून निषेध. मी अख्खा गड्डा, हिरवी मिरची आणि जाडं मीठ खलबत्त्यात ठेचून फोडणीत टाकतो, आणि उतरवताना मूठभर भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट. खोबरं केलला शोभत नाही. त्याला जरा कडवट अंगाची चव असते, त्याला शेंगदाणाच पाहिजे. मेथीला आपण काय घालतो? तेच.

---

निवांतकाकू

ओवा, पाककृती नेटकी आहे. देठं न टाकल्याबद्दल विशेष गुण.

आम्हा पुणेकरांना मात्र केलसाठी त्या वातानुकूलित दुकानात जाऊन चार पानं सोन्याच्या भावात आणायची गरज नाही. मंडईत नवलकोल पाल्यासकट येतो. भाजीवाला तो पाला पिरगाळून टोपलीमागे टाकतो. त्याला म्हणायचं, 'पाला राहू दे, तोच हवाय मला.' तो आधी चमकतो, मग पुढच्या वेळी आपणहून काढून ठेवतो. तू दिलेल्याच पद्धतीने होते, चवही जवळजवळ तीच. फ्लॉवरच्या गड्ड्याभोवतीची कोवळी पानंही चालतात, बाहेरची राठ नको.

माझ्या साबा (सासूबाई) नवलकोलाच्या पाल्याला भिजवलेली मूगडाळ लावत. अर्धा तास भिजवलेली, मूठभर. पानांबरोबरच घालायची, त्याच वाफेत शिजते. डाळ बोटाने चेपली गेली पाहिजे पण दाणा दिसला पाहिजे. केललाही तसंच कर, देठांचा करकरीतपणा आणि डाळ हे छान जमतं.

---

वाटाणा

मी लीड्सला शिकतोय. इथे सुपरमार्केटात केल चिरूनच पिशवीत मिळतो. कुरळा. धुवायला नको म्हणून तोच आणतो. पण त्यात मधेच काठ्या येतात आणि त्या शिजतच नाहीत. काय करावं? घरात एकच नॉनस्टिक पॅन आहे, झाकण नाही.

---

ओवा

@वाटाणा, पिशवीतला केल यंत्राने देठासकट कापलेला असतो. पॅनमध्ये टाकण्याआधी ताटात ओत आणि जाड तुकडे वेचून बाजूला काढ. गप्पा मारता मारता होतं. ते आधी तेलात टाक, पानं नंतर. आणि पिशवीतले तुकडे मोठे असतात, त्यावरून एकदा सुरी फिरव.

झाकण नसेल तर ताट उपडं ठेव. आपल्या आयांनी तेच केलंय. ताटावर थोडं पाणी ठेवलंस तर अजून छान, खालची भाजी करपत नाही.

@तिखटजाळ, शेंगदाण्याचं कूट मान्य. अख्खा गड्डा लसूण दुसऱ्या दिवशी ऑफिस नसेल तर.

@निवांतकाकू, मूगडाळ! उद्याच.

---

परसदार

मी सिएटलजवळ घरामागे लावतो म्हणून थोडं जातींबद्दल. सगळा केल एकसारखा शिजत नाही.

कुरळा केल, म्हणजे झालरीवाला, हा सगळ्यात जास्त मिळतो. झालरीत हवा राहते म्हणून ढीग मोठा दिसतो. कच्चा खरखरीत, पण वाफ दिली की बरा. दुसरा लॅसिनाटो. इटलीत टस्कनीकडचा, काळपट हिरवा, लांब पट्ट्यासारखं पान आणि त्यावर फोडफोड असल्यासारखा पोत. इथे त्याला डायनासोर केलही म्हणतात. आपल्या परतून भाजीला माझ्या मते हाच सगळ्यात चांगला, कारण तो सपाट असतो, गुंडाळी करून शेवेसारखा चिरता येतो. तिसरा रेड रशियन, जांभळट शिरांचा. तो जरा वेगळाच, ब्रासिका नेपस प्रजातीतला. पान मऊ, झटकन शिजतं. ओवाताईंची ४ मिनिटं त्याला नको, २ बास.

धुण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कुरळ्या केलच्या झालरीत राखाडी मावा (बारीक कीड) दडून बसतो, आणि घरच्या केलवर हिरव्या अळ्या असतात, अगदी पानाच्याच रंगाच्या. नळाखाली धरून जात नाहीत. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी, पानं १०-१५ मिनिटं बुडवून ठेवा, मग वरून उचलून घ्या. पातेलं उलटं ओतू नका, नाहीतर खाली बसलेलं सगळं परत पानांवर.

लावायचा असेल तर उन्हाळा सरताना लावा, म्हणजे थंडीत काढायला येतो. तोडताना खालची, बाहेरची पानं तोडायची, शेंडा सोडायचा. एक झाड कितीतरी महिने पुरतं.

---

खुसपट

कोबी, नवलकोल, पालक, मेथी असताना हा परदेशी पाला हवाच कशाला? 'सुपरफूड' म्हणून विकला की आपण धावत सुटतो.

---

ओवा

@खुसपट, धाग्यात सुपरफूड हा शब्द मी एकदाही लिहिलेला नाही. जिथे जे ताजं मिळतं त्याची भाजी करावी, एवढंच म्हणणं आहे. पुण्यात राहत असाल तर नवलकोलाचा पाला खा, काकूंनी सांगितलंच आहे.

परसदार, जातींच्या माहितीसाठी धन्स. माव्याचं वाचून आज सॅलड खाणाऱ्या मैत्रिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

---

चिनारछाया

परदेशी कसला? काश्मीरला जाऊन बघा. तिथे हाख नसेल तर घरात जेवण नाही. बाबांची बदली श्रीनगरला होती तेव्हा शेजारच्या पंडित काकींकडे आम्ही रोज खायचो. हाख म्हणजे याच कुळातली गड्डा न धरणारी पानं, केलची अगदी जवळची.

त्यांची पद्धत आपल्याहून एकदम उलटी आहे, म्हणून लिहिते. चिरायचं नाही. पानं अख्खी किंवा हाताने दोन तुकडे. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवायचं, जरा खाली आणायचं, त्यात हिंग आणि भरपूर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की पानं, मीठ, अख्ख्या सुक्या लाल मिरच्या, मधे चीर दिलेल्या हिरव्या मिरच्या. कांदा नाही, लसूण नाही, हळदसुद्धा नाही. पानं मऊ झाली की झालं. भाताबरोबर तो हिरवा रस्सा ओतून खायचा. खरं तर रश्श्यासाठीच ती भाजी.

कुकरमध्येही करतात. १ शिट्टी, आणि लगेच कुकर नळाखाली धरून वाफ काढायची. तशीच ठेवली तर रंग जातो.

मी इथे टोरांटोत लॅसिनाटोचं हाख करते. मोहरीच्या तेलाला पर्याय नाही. दुसऱ्या तेलात केलं तर नुसता उकडलेला पाला.

---

बर्फाळपेठ

अरे वा, केलचा धागा! मी उत्तर जर्मनीत, ओल्डेनबुर्गला. इथे केलला ग्रूनकोल म्हणतात आणि त्याचं प्रस्थ बघून आपल्या हुरडा पार्ट्या आठवाव्यात. थंडीत ऑफिसची, क्लबची मंडळी टोळक्याने बाहेर पडतात, बरोबर दारूच्या बाटल्या भरलेली हातगाडी, वाटेत खेळ, आणि शेवटी एखाद्या खाणावळीत पोहोचून ग्रूनकोल. कोलफार्ट म्हणतात या सहलीला. शेवटी एकाला केलचा राजा करतात, त्याच्यावर पुढच्या वर्षीच्या सहलीची जबाबदारी.

पण शिजवण्याची रीत ऐकून ओवाताई मला धाग्याबाहेर काढतील. तासभर ते दोन तास! कांदा चरबीत परततात, केल घालतात, धुरावलेलं मांस, पिंकेल नावाचं सॉसेज, आणि दाट व्हायला ओटचा भरडा. बरोबर उकडलेले बटाटे आणि मोहरीची पेस्ट. रंग पार तपकिरी हिरवा. दिसायला यथातथा, पण उणे तापमानात बाहेरून चालून आल्यावर त्याच्यासारखं काही नाही.

मी शाकाहारी, म्हणून घरी कांदा तेलात लालसर करून, केल, मीठ, मिरपूड, पाणी, आणि ३ चमचे ओट्स घालून पाऊण तास मंद शिजवतो. शेवटी चमचाभर तिखट मोहरीची पेस्ट. आपल्या डाळ घालून केलेल्या पातळभाजीच्या जवळ जातं.

इथली जुनी माणसं सांगतात की पहिलं दव गोठल्याशिवाय केल काढू नये. थंडीत पानात साखर वाढते, कडवटपणा मागे पडतो. सप्टेंबरातला आणि डिसेंबरातला केल शेजारी ठेवून खाल्लात तर फरक लगेच कळेल.

---

खुसपट

मग विकत आणून रात्रभर फ्रीझरमध्ये टाकला तर गोड होईल का? :)

---

परसदार

@खुसपट, नाही. झाड जिवंत असताना, थंडीत हळूहळू साखर साठवतं, ती त्याची गोठण्यापासून वाचायची सोय आहे. तोडलेलं पान फ्रीझरमध्ये टाकलं तर नुसतं मऊ पडतं. मऊ पडल्याने लवकर शिजतं, तेवढा फायदा धरा.

---

सफरीवाला

नैरोबीहून रामराम. इथे सुकुमा विकी नावाने हीच भाजी रोजच्या जेवणात असते. गरीब-श्रीमंत सगळ्यांकडे. बरोबर उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. उगालीचा तुकडा हाताने मळून, त्याला अंगठ्याने खळगा पाडून, त्यात भाजी उचलून खायची.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे चिरणं. भाजीवाल्या बायका रस्त्याच्या कडेला बसतात. पानांची घट्ट गुंडाळी डाव्या मुठीत, उजव्या हातात सुरी, आणि पाटाबिटाशिवाय हवेतच कापत जातात. हिरवे केस खाली पडावेत तशी भाजी पिशवीत पडत राहते, आणि त्या माझ्याशी बोलत असतात, सुरीकडे बघतही नाहीत. चिरून देण्याचे फारसे वेगळे पैसे नाहीत.

भाजी अशी: तेलात कांदा, तो मऊ झाला की टोमॅटो, टोमॅटो गळला की पानं आणि मीठ. ५-६ मिनिटं. संपलं. आमच्याकडे बायको त्यात जिरं आणि हिरवी मिरची टाकते, की झाली मराठी. कामवाल्या मावशींना ती मिरची पटत नाही.

---

ओवा

@सफरीवाला, मस्त! 'जमेल तितकं बारीक' हे मी लिहिलं त्याचा पुरावाच दिलात. ब्राझीलमध्येही काळ्या घेवड्याच्या फेजोआदाबरोबर अशीच सुतासारखी चिरलेली पानं लसणावर झटपट परतून देतात. इथल्या एका ब्राझिलियन शेजारणीकडे खाल्ली, झाकणबिकण काही नाही, २ मिनिटांत ताटात. इतकं बारीक चिरलं तर वाफेचीही गरज उरत नाही.

@बर्फाळपेठ, धाग्याबाहेर कशाला काढेन? पण दोन तास गॅस जाळायची माझी तयारी नाही.

---

कोकमआगळ

आमच्या गोव्यात तांबड्या भाजीला, म्हणजे लाल माठाला, फोडणीच करत नाहीत. कांदा, हिरवी मिरची, चिरलेली भाजी, मीठ, सगळं एकत्र पातेल्यात, वर झाकण, आणि शेवटी हाताने भरभरून चून, म्हणजे खवलेला नारळ. चिमूटभर गूळ. दुबईला केल मिळतो त्याची मी तशीच करते. फरक एकच, तांबडी भाजी आपलं पाणी सोडते, केल सोडत नाही. म्हणून अर्धी वाटी पाणी आधीच. आणि कांदा जास्त, भाजीच्या निम्म्यापेक्षा थोडा कमी. कांदा गोडवा देतो.

तिखटजाळ, खोबरं शोभत नाही म्हणालात ते मी वाचलं नाही असं समजते.

---

तिखटजाळ

@कोकमआगळ, समजा. गोव्यात माडाला कोण बोलणार?

---

खुसपट

झाकणाबद्दल कोणाला एक मत देता येईल का? धागाकर्ती म्हणते झाकण ठेवा, ब्राझीलवाले ठेवत नाहीत, काश्मीरवाले वाफ कोंडू देत नाहीत, गोवेकर घट्ट झाकतात. माझी आई म्हणायची पालेभाजीवर झाकण ठेवलं की रंग जातो.

---

ओवा

तुमच्या आईंचं बरोबर आहे. पान शिजताना त्यातून आम्ल बाहेर पडतं. भांडं उघडं असलं की त्यातलं काही वाफेबरोबर उडून जातं. झाकलं की परत भाजीवर ठिबकतं आणि हिरवा रंग मरतो. पण ते जास्त वेळ झाकलं तर. ४-५ मिनिटांत फारसं बिघडत नाही, आणि केलला तेवढी कोंडलेली वाफ नाही दिली तर तो शिजेपर्यंत लसूण कोळसा होतो. मग फार तर शिळाच्या कडेला जराशी फट ठेवा.

रंगासाठी सोडा घालू नका, हे आधीच सांगून ठेवते. रंग झगझगीत येतो, भाजी मात्र लगदा होते आणि साबणासारखी लागते.

आणि कोबीवर्गातली कुठलीही भाजी फार वेळ शिजवली की तो घरभर पसरणारा उग्र वास येतो, गंधकाचा. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

---

निवांतकाकू

'शिळाच्या कडेला' नव्हे गं, झाकणाच्या कडेला.

---

ओवा

हाहा, मोबाइलवरून टंकतेय काकू. झाकणाच्या.

---

गोळीबंद

औषधांच्या दुकानात उभं राहून आयुष्य चाललंय, म्हणून एक सूचना. घरात कोणी वॉर्फरिन घेत असेल, रक्त पातळ ठेवायची गोळी, तर केल अचानक रोज सुरू करू नका. त्यात व्हिटॅमिन के प्रचंड असतं आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं. बंदच करा असं नाही. आठवड्याला जेवढा खाता तेवढाच खात राहा, आणि वाढवायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) बघून डोस ठरवतील. हे पालक-मेथीलाही लागू.

थायरॉइडबद्दल लोक विचारतात. कच्च्या केलचे पेलेच्या पेले रोज पिणं वेगळं आणि वाटीभर शिजवलेली भाजी वेगळी. शिजवल्यावर त्यातले आयोडिनच्या आड येणारे घटक बरेच कमी होतात.

मुतखड्यावाल्यांना दिलासा: पालकात ऑक्झलेट खच्चून असतं, केलमध्ये फार कमी. त्यामुळे त्यातलं कॅल्शियमही अंगी लागतं, पालकातलं फारसं लागत नाही. खुसपटराव, 'हवाच कशाला' याचं एक उत्तर हे धरा.

---

खुसपट

धरलं. बायकोला मुतखड्याचा त्रास आहे, तिला पालक बंद केलाय. विचारतो डॉक्टरांना.

---

वाटाणा

आज केली! काठ्या वेचल्या, ताट उपडं ठेवलं. चांगली झाली, पण थोडी कडू. लिंबाने जरा कमी झालं. अजून काही?

---

मिरवणी

@वाटाणा, मी वऱ्हाडातली, आमच्याकडे सगळ्याला उपाय एकच: बेसन. परतून झालेल्या भाजीवर ३-४ चमचे बेसन पेरायचं, वरून चमचाभर तेल सोडायचं, झाकण, मंद आच. ५ मिनिटांनी हलवायचं, परत झाकायचं. बेसनाचा कच्चा वास गेला आणि खमंग सुटला की उतरवायची. कडूपणा बेसन खाऊन टाकतं. यात पाणी आधी पूर्ण आटवायचं नाही, जरा ओल ठेवायची, नाहीतर बेसन कोरडं पिठूळ राहतं. तुझ्या पॅनला चिकटणारही नाही. भाकरी मिळत असली तर भाकरीबरोबर.

पोरांना तर कळतही नाही की आत काय आहे. झुणका म्हणूनच खातात.

---

ओवा

@वाटाणा, मिरवणीताईंचा उपाय एक नंबर. दुसरा: कांदा घाल, कोकमआगळ म्हणतात तसा. तिसरा: मीठ कमी पडलं असेल तर बघ, मीठ नीट असलं की कडू कमी लागतं. आणि पिशवीवरची तारीख बघत जा, जुना केल जास्त कडू होतो. पानं पिवळी पडायला लागली असतील तर घेऊच नको.

---

झोपाळा

लहान मुलांसाठी कोणी चिप्स करतं का? ओव्हनमधले? माझे दर वेळी एका बाजूला जळतात आणि एका बाजूला ओले.

---

परसदार

@झोपाळा, पानं खडखडीत कोरडी हवीत, ती धुऊन पंचावर तासभर पसरा. तेल अगदी कमी, बोटांनी चोळून लावा. ट्रेमध्ये एकावर एक नको. १५० अंश सेल्सिअसला १२-१५ मिनिटं, १० नंतर समोर उभं राहायचं. मीठ बाहेर काढल्यावर. लगेच खा, डब्यात भरले की तासाभरात मऊ.

---

ओवा

चिप्ससाठी वेगळा धागा काढा हो कोणीतरी, इथे भाजी चाललीय. :)

कालची खबर: काकूंची मूगडाळ घालून केली. देठं घालून. नवऱ्याने 'ही कसली पालेभाजी, छान आहे' म्हणून दोनदा घेतली, आणि तो माणूस शेपू बघून घराबाहेर जातो. पाणी मात्र पाव वाटीऐवजी अर्धी वाटी लागलं, डाळ पिते. वर पाककृतीत बदल करत नाही, इथेच नोंद असू दे.

---

चिनारछाया

उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी कोणी काय करतं? हाख उरलं तर आम्ही त्यात भात घालून उकळतो.

---

निवांतकाकू

उरलेली परतलेली भाजी कणकेत मळायची. लसूण-मिरची आधीच असते. ओवा आणि थोडं बेसन, पाणी जवळजवळ लागत नाही. पराठे लाटताना देठं टोचतात म्हणून देठवाली भाजी असेल तर एकदा सुरीने बारीक करून घ्या. लाटायचा कंटाळा असेल तर थालीपिठाच्या भाजणीत घाला आणि थापा, तिथे देठांचा प्रश्नच नाही.

---

सफरीवाला

भाजणी नैरोबीत कुठून आणू काकू? मक्याचं पीठ चालेल का?

---

निवांतकाकू

चालेल. निम्मी कणीक मिसळ, नाहीतर थापताना चिरा पडतील. गरम पाण्यात मळ.